आबांचे डोळे गणपतीचे नव्हते : कोकणात घरी बसून पोर्ट्रेट शिकताना

माझ्या पहिल्या पोर्ट्रेटमध्ये आमचे आबा गणपतीसारखे दिसत होते. सोंड नव्हती एवढंच. डोळे मात्र तेच. लांबट, कमळाच्या पाकळीसारखे, दोन्हीकडे अगदी सारखे, बुबुळ पूर्ण गोल आणि मधोमध ठिपका. आबांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "नाक बरा काढलंस. पण डोळे माझे नाय. ह्येंची आरती करूक व्हयी."

कारण साधं होतं. तोवर मी गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, पाच मोसम काढले होते. पहिली दोन वर्षं माती मळली आणि पितांबरांना पिवळा मारला, तिसऱ्या वर्षी उंदीर मिळाले, पाचव्या वर्षी छोट्या मूर्तींची आखणी करायला मिळाली. आखणी म्हणजे डोळे रेखणं, शाळेतलं सगळ्यात मानाचं काम. ते हातात इतकं मुरलं की समोर आबा बसले तरी हात आबांकडे बघेना. त्याला एकच डोळा येत होता, तोच त्याने दिला.

मी कुठल्या कला महाविद्यालयात गेलो नाही. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली, इंटरमिजिएटला बसलो नाही. पुढे होड्यांवर नावं, रिक्षांच्या पाठीवर नावं, दुकानांच्या पाट्या, आणि मग चेहरे. कोणी शिकवणारं नसताना, मनाला येईल तसे चेहरे रंगवायला ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. क्रमाने लिहितो, पण मी जिथे जास्त आपटलो तिथे जास्त रेंगाळणार.

अंदाज दोन असतात

"मी अंदाजाने काढतो" असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. मीही सांगायचो. पण अंदाज दोन जातींचा असतो आणि आपण नेमक्या चुकीच्यावर भरवसा टाकतो.

एक हाताचा अंदाज. हाताला जे पाठ आहे ते तो करतो. पाट्या रंगवणाऱ्याचे चेहरे पाट्यांसारखे येतात, मेंदी काढणारीच्या चित्रात केसांच्या बटांना मेंदीची वळणं येतात. हे वाईट नाही, पण ते समोरच्या माणसाचं नसतं.

दुसरा डोळ्याचा अंदाज. तिन्हीसांजेला पाणंदीतून कोणी येत असेल तर चेहरा दिसायच्या आधीच आपण म्हणतो, "काका इले." नाक दिसलेलं नसतं, भुवया दिसलेल्या नसतात. दिसलेला असतो तो एक गडद आकार: मान किती पुढे, डावा खांदा किती उतरता, डोकं अंगाच्या मानाने केवढं. ओळख तिथेच पटलेली असते. पोर्ट्रेटमधलं साम्य म्हणजे हेच. ते डोळ्यांच्या पापण्यांत फार थोडं आणि या मोठ्या आकारात फार जास्त असतं. अंतःप्रेरणेने काम करायचं म्हणजे या दुसऱ्या अंदाजाला हातापर्यंत पोचू द्यायचं आणि पहिल्याला जरा पडवीत बसवायचं.

पहिले पंधरा दिवस रंगाला हात लावू नका

एक वही, एक बॉलपेन. पेन्सिल मुद्दाम सांगत नाही, कारण पेन्सिल आली की खोडरबर येतो.

एसटी स्टँडवर जा. कणकवलीचा, कुडाळचा, देवरुखचा, कुठलाही. बाकावर बसलेल्या माणसाकडे मनात वीसपर्यंत आकडे मोजेतो बघा, मग मान वळवा आणि न बघता काढा. पुन्हा बघायचं नाही. पहिले दहा-बारा हसण्यासारखे येतील. विसाव्याच्या आसपास एक गोष्ट ध्यानात येते: मान वळवल्यावर डोक्यात जे उरतं तेच त्या माणसाचं वैशिष्ट्य असतं. कोणाची हनुवटी उरते, कोणाचं पिशवीवरचं मनगट. बाकीचं गळून जातं, आणि ते गळणं हाच धडा आहे.

मासळी बाजारात लिलावाच्या वेळी माणसं उत्तम मिळतात, पण तिथे विचारल्याशिवाय वही उघडू नका. एका मावशीने मला सुरमई कापायच्या कोयत्याने नुसती दिशा दाखवली होती. आता मी आधी मासे घेतो, मग विचारतो. बहुतेक वेळा "काढ, पण दात दाखव नुको" एवढीच अट असते.

याच पंधरवड्यात मापंही डोळ्याखालून घाला. मी मापांच्या विरोधात नाही. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिका ते नेहमी वर काढतो, कारण कपाळात आणि केसांत बघण्यासारखं काही नाही असं त्याला वाटतं, म्हणून तो तेवढी जागा खाऊन टाकतो. समोरून बघताना डोक्याची रुंदी अंदाजे पाच डोळ्यांएवढी, दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा मावेल एवढं अंतर. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत. लहान मुलांत डोळे मध्याच्या खाली येतात. एवढं पाठ करा आणि मग प्रत्येक माणूस यापासून कुठे सरकला आहे ते बघा. तो सरकलेला भाग म्हणजे तो माणूस.

सामान

दुकानात गेलात की अठरा ट्यूबांची पेटी दाखवतील. घेऊ नका. पाच ट्यूबा पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि एक तांबडा, स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन, परवडेल तो. पांढरी मोठी घ्या, ती आधी संपते. काळा नको. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की जवळजवळ काळा मिळतो, आणि तो ट्यूबमधल्या काळ्यासारखा चित्रात भोक पाडत नाही. ॲन्डर्स झोर्न नावाचा स्वीडिश चित्रकार पांढरा, ऑकर, तांबडा आणि काळा अशा चारांवर चेहरे उभे करण्यासाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा पाच म्हणजे चैनच.

एक ट्यूब मात्र फुकट मिळाली तरी वापरू नका: "फ्लेश टिंट" म्हणून मिळणारी गुलाबी. ती कोणाच्या कातडीचा रंग आहे मला माहीत नाही. आमच्या गावातल्या कोणाचा नाही.

तैलरंग की ॲक्रिलिक? ॲक्रिलिक झटपट सुकतं, पाण्यात धुता येतं, वास नाही. पण मे महिन्यात वाऱ्यावर बसलात तर ब्रश पॅलेटवरून चित्रापर्यंत जाईतो रंग ओढायला लागतो, आणि गालावरचा उजेड सावलीत मिसळायचा राहून जातो. चेहऱ्यासाठी मला तैलरंगच बरा वाटतो, कारण तो थांबतो. ज्यांच्या घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस आहे त्यांनी तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाईनच्या नादी न लागता ॲक्रिलिक घ्यावं. काम थोडं वेगळ्या पद्धतीने करावं लागेल, अडणार काही नाही.

आणि होडीचा इनॅमल वापरू नका. हे मी का सांगतो आहे ते ओळखलंच असेल. माझ्याकडे डबे उरलेले होते. जाड थर दिला, वर साय धरली, आत ओला राहिला आणि दोन दिवसांत आबांच्या गालावर सुरकुत्या पडल्या. त्यांच्या स्वतःच्या सुरकुत्यांपासून दोन इंच बाजूला.

चित्राच्या पृष्ठभागासाठी कॅनव्हास हवाच असं नाही. होड्या बांधणाऱ्यांकडे मरीन प्लायचे तुकडे पडलेले असतात. सहा मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या, पॉलिश पेपर मारा आणि ॲक्रिलिक प्रायमरचे दोन-तीन हात द्या, पुढून आणि मागूनही. मागची बाजू कोरी ठेवली तर आपल्याकडच्या दमट हवेत फळी पापडासारखी वळते. कॅनव्हासच घेणार असाल तर चौकटीवर ठोकलेल्या पिना लोखंडी नाहीत ना ते बघा. खारी हवा त्यांना वर्षभरात गंज चढवते आणि कडेने तांबडे ओघळ येतात.

ब्रश तीन: चपटे, राठ केसांचे, एक बोटभर रुंद, एक त्याच्या निम्मा, एक बारीक. बारीक ब्रश पहिला तासभर दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

बसायचं कुठे

उत्तरेच्या खिडकीचा उजेड घ्या, असं तुम्हाला सगळीकडे सांगतील. तो सल्ला युरोपातला आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. मालवणच्या अक्षांशावर साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तिरीप सरळ उत्तरेच्या खिडकीतून आत येते. पाऊस लागला की ढगांमुळे प्रश्न मिटतो, पण मे महिन्यात उत्तरेच्या भरवशावर बसलात तर तासाभरात नाकाची सावली कुठल्या कुठे जाते.

आपल्याकडची खरी जागा म्हणजे पडवी. वरून कौलं उतरलेली, एका बाजूने खळ्याचा, म्हणजे अंगणाचा उजेड, दुसऱ्या बाजूला माजघराचा काळोख. माणूस पडवीच्या कडेला तिरका बसवला की अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, आणि मागे घरातला अंधार आपोआप मिळतो. पश्चिमेच्या, समुद्राकडच्या पडवीत दुपारी तीननंतर बसू नका. पाण्यावरची चकाकी सगळ्या सावल्या पुसून टाकते आणि बसणारा डोळे बारीक करतो.

पडवीत एक गंमत होते, ती पुस्तकात नसते. खळं जांभ्या मातीचं असेल तर उजेड जमिनीवरून उसळून हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, भुवयांच्या खोबणीत तांबूस होऊन येतो. हनुवटीखालची सावली थंड, निळसर असणार असं मी धरून चालत होतो आणि चित्र मेलेलं दिसत होतं. एके दिवशी सावलीत थोडा सिएना गेला, चुकून, आणि आमची काकू पडवीत येऊन बसली. श्रावणात समोर भात उभं असतं तेव्हा हाच उसळलेला उजेड हिरवट होतो. बघा, दिसेल. दिसला नाही तर रंगवू नका. मी सांगितलं म्हणून हिरवा लावलात तर तोही हाताचाच अंदाज.

कोणाला बसवायचं

घरातलं म्हातारं माणूस. त्याला घाई नसते आणि चेहऱ्यावर ठिकाणं पुष्कळ असतात. तरुण, गुळगुळीत चेहरा सगळ्यात अवघड, तो पहिल्या वर्षी टाळा. लहान मूल तर विसराच.

वीस मिनिटं बसवा, पाच मिनिटं सोडा, असं तीनदा. पायांच्या जागी खडूने खूण करा. गप्प बसवू नका. बोलणारा माणूस हलतो खरा, पण गप्प बसवलेला माणूस फोटो काढायला आल्यासारखा होतो, आणि तो चेहरा त्याचा नसतो. मी भाताच्या, आंब्याच्या नाहीतर गावातल्या वादाच्या गोष्टी काढतो. जमिनीच्या वादाइतका चेहऱ्यात जीव दुसऱ्या कशाने येत नाही.

पहिली वीस मिनिटं

इथे सगळं ठरतं, म्हणून सावकाश सांगतो.

पांढऱ्या फळीवर सुरुवात करू नका. पांढऱ्यापुढे प्रत्येक रंग काळपट वाटतो आणि आपण घाबरून सगळं फिकं करतो. आदल्या दिवशी ऑकर आणि सिएना पाण्यासारखा पातळ करून फडक्याने पुसून घ्या, सुक्या मातीच्या भिंतीसारखा रंग आला पाहिजे.

मग डोळे अर्धे मिटा. पापण्यांच्या जाळीतून समोरचा माणूस बघा. तपशील जाईल आणि दोनच गोष्टी राहतील: उजेड आणि सावली. सिएना नि अल्ट्रामरीनचा पातळ रंग करा, सगळ्यात रुंद ब्रश घ्या आणि फक्त सावलीचा आकार भरा. केस, डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, गालाखालचा भाग, मान, हे वेगवेगळे नाहीत. सावलीत ते सगळे एकमेकांत मिसळून एकच बेट होतात. त्या बेटाचा किनारा नीट काढा. रेष काढून आत रंग भरणं म्हणजे पाटीचं काम, आणि ते मी वर्षानुवर्षं केलेलं असल्याने छातीठोक सांगतो: रेषेतून चेहरा येत नाही, चेहऱ्याचा नकाशा येतो.

वीस मिनिटांनी फळीवर डाग दिसतील. डोळे नाहीत, ओठ नाहीत. आता खळ्याच्या पार टोकाला जाऊन बघा. त्या अंतरावरून "अरे, ही तर काकू" असं वाटलं तर पुढे जा. नाही वाटलं तर पुसा. फडक्याने, सगळं. या पायरीवर पुसायला काही लागत नाही, पुढे जाऊन पापण्या काढल्या की पुसवत नाही. साम्य डागांत नसेल तर पापण्यांनी येत नाही, हे मी किमान पंधरा फळ्या खर्च करून शिकलो.

मोबाइलचा एक चांगला उपयोग इथे आहे. माणूस आणि चित्र एका चौकटीत घेऊन फोटो काढा आणि काळापांढरा करा. कुठे चित्रातली सावली फिकी पडली आहे ते लगेच कळतं. आरसाही तसाच. चित्राकडे पाठ करून हातातल्या आरशातून बघा, वाकडं झालेलं तोंड उलटं झालं की ओरडायला लागतं.

कातडीचा रंग

यलो ऑकर म्हणजे माती. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली माती. दोन्हींत रंग आणणारं द्रव्य लोखंडाचं, तेच जे गेरूत आहे आणि तेच जे जांभ्याला तांबडा करतं. कोकणातला चेहरा रंगवायला याहून जवळचं काही नाही.

सुरुवात सिएना अधिक ऑकर अशी करा आणि पांढरा अगदी शेवटी, थोडाच. नवशिके पांढऱ्यापासून सुरू करून त्यात रंग घालत जातात, मग सगळे चेहरे पावडर लावल्यासारखे दिसतात. सावळ्या कातडीचा उजेडातला भाग पांढऱ्याने नाही, ऑकरने आणि थोड्या तांबड्याने उजळतो. कपाळ जरा पिवळट, नाक-गाल-कान तांबूस, दाढीचा भाग आणि ओठांभोवती किंचित निळसर करडा. मासेमारी करणाऱ्यांचं कपाळ टोपीच्या रेषेवर दोन रंगांचं असतं, ते चुकवू नका. फार गडद कातडीवर उजेडाचा टिकला निळसर दिसतो, आकाश त्यात पडलेलं असतं.

"जरा गोरा करा" हे तुम्हाला ऐकावं लागेल. मला एकदा पूर्ण झालेलं चित्र याच कारणाने परत घ्यावं लागलं. वडील आयुष्यभर समुद्रावर गेलेले, आणि मुलाला ते ट्यूबलाइटखाली बसलेल्या हेडक्लार्कसारखे हवे होते. मी बदललं नाही, आगाऊ पैसे परत केले. तुम्ही काय कराल ते तुम्ही बघा. पण एकदा केलं की पुढचा गिऱ्हाईक तेच मागतो.

डोळे

पुन्हा आबांकडे. गणपतीच्या मूर्तीचा डोळा भक्ताकडे बघतो, म्हणून त्यात बुबुळ पूर्ण दिसतं आणि दोन्ही डोळे सारखे असतात. माणसाच्या डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा माथा झाकते. बुबुळ पूर्ण गोल काढलंत की माणूस दचकलेला दिसतो. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो. तो चेंडू आहे, त्याला सावली आहे, वरून पापणीचीही सावली पडलेली असते, आणि बहुतेक वेळा तो नाकावरच्या उजेडापेक्षा गडद असतो. मी तिथे करडा, थोडा ऑकर घालून लावतो. पहिल्यांदा लावताना हात कापतो, वाटतं डोळा मळला. दोन पावलं मागे जा, मग तो आत बसतो.

दोन डोळे सारखे नसतात. एक सावलीत असेल तर त्याला अर्ध्याच गोष्टी द्या. सावलीतल्या डोळ्यात पापण्यांचे केस मोजून काढणं ही प्रत्येक स्वशिक्षिताची चूक आहे. आपल्याला माहीत असतं की तिथे केस आहेत, म्हणून काढतो. दिसत मात्र नसतात. चमकीचा ठिपका शेवटी, एकदाच, पुन्हा हात न लावता.

कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रं दाखवत गोष्ट सांगतात, त्या चित्रकथी परंपरेतली चित्रं पाहिलीत तर तिथे डोळे मोठे, रेखीव आणि चेहरा सोडून बाहेर निघाल्यासारखे असतात. ते चुकलेले नाहीत, ती गोष्ट सांगायची भाषा आहे. गोव्यातल्या साळगावचा चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेला, चेहऱ्यांचे डोळे कपाळावर नेऊन ठेवायचा. डोळा कुठेही ठेवता येतो. पण आपण तो तिथे ठेवला की तो हातातून तिथे पडला, एवढं स्वतःपाशी खरं सांगता आलं पाहिजे.

बघायला कोणाचं जायचं

सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगचित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं. समोर बसली होती हळदणकरांची मुलगी. छापील प्रत मिळाली तरी बोटांकडे बघा: ज्योतीच्या आड धरलेल्या हाताची बोटं कशी आतून पेटली आहेत, आणि दिव्यापासून दूर जाता जाता साडी कशी विझत गेली आहे. एकच उजेड आणि त्याच्याशी शेवटपर्यंत इमान.

गोव्यातल्या सांग्याचा आंतोनियो झेवियर त्रिंदाद, जन्म १८७०, तैलरंगातला. पणजीला फोंतेन्हास भागात फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे त्याच्या चित्रांचा संग्रह आहे. सिंधुदुर्गातून एसटीने एका दिवसात जाऊन येता येतं. त्याने बायकोला आणि मुलींना पुष्कळदा रंगवलं. तुम्हाला मॉडेल मिळत नाही ही तक्रार तिथे जाऊन आल्यावर करा. चित्राच्या अगदी जवळ जा आणि डाग बघा, मग मागे या. मी तिथे पाऊण तास एका हातापाशी पुढे-मागे करत होतो, शेवटी रखवालदाराने विचारलं काही हरवलंय का.

हे सगळे जे. जे. स्कूलमध्ये गेलेले, आपल्यासारखे घरबशे नव्हेत. पण चित्र समोर असलं की शिकवायला चित्रकार लागत नाही.

थांबायचं कधी

तिसऱ्या बैठकीत हात सुटतो आणि सगळं गोड व्हायला लागतं. गाल गुळगुळीत, केस विंचरलेले. तिथे थांबायचं होतं आणि आपण दहा मिनिटांपूर्वीच पुढे आलेलो असतो. माझी युक्ती अशी: बसलेल्या माणसाला उठवून आत चहाला पाठवायचं. तो नसताना चित्राकडे बघितलं आणि तो तिथेच बसलाय असं वाटलं, की ब्रश टर्पेंटाईनच्या डब्यात. कान अर्धवट राहिला तर राहू दे.

फोटोवरून काम आलं तर

येणारच. आणि बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचं येतं, तेही आधार कार्डावरच्या फोटोवरून. अशा वेळी घरी जा. पाचजणांना वेगवेगळं विचारा: बसायचे कसे, पंचा कुठल्या खांद्यावर, हसले की आधी काय हलायचं. पाचही उत्तरं जुळणार नाहीत, पण दोन-तीनदा एकच गोष्ट येईल. ती धरा. मोबाइलवर जवळून काढलेला फोटो असेल तर नाक खऱ्यापेक्षा मोठं आणि कान मागे गेलेले असतात, ते मनातल्या मनात मागे ढकला. शक्य असेल तर त्यांच्या भावाला किंवा मुलाला त्याच पडवीत बसवून उजेड त्याच्यावरून घ्या. कवटी घराण्याची असते.

तारखेचं आधी बोला. वर्षश्राद्ध भाद्रपदात असेल आणि गिऱ्हाईक आषाढात आला तर तैलरंग सुकणार नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं आणि गार, दमट, काळोख्या दिवसांत ते रेंगाळतं. सिएना, अंबर अशा मातीच्या रंगांचे थर लवकर धरतात, पांढरा मागे राहतो. म्हणून पहिले थर टर्पेंटाईनने पातळ, वरचे थर तेलाचे. उलटं केलंत तर वरचा थर आधी सुकून खालच्यावर तडकतो.

पाऊस आणि नंतर

तेलाचे बोळे एका कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती अडकून बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरा नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. कौलारू, लाकडी माळ्याच्या घरात तर हे कटाक्षाने पाळा.

चित्र पावसात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवलंत तर गणपतीपर्यंत त्यावर बुरशीची पांढरी नक्षी उमटेल. उघडं ठेवा, खेळत्या हवेत. नैर्ऋत्येच्या भिंतीवर टांगू नका, पावसाचा मारा तिलाच बसतो आणि जांभ्याची भिंत पाणी पीत राहते. आतल्या भिंतीवर लावा, चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून वारा जाईल. काळोख्या खोलीत ठेवलेलं चित्र पिवळट पडतं. उन्हात नको, पण दिवसाच्या उजेडात आणलं की तो पिवळेपणा बराचसा उतरतो.

वार्निश घाईने मारू नका. पातळ थरांच्या चित्राला सहा महिने, जाड असेल तर वर्षभर थांबा. मी पावसाआधी संपवलेली चित्रं पुढच्या मार्गशीर्षात वार्निशला घेतो, हवा कोरडी आणि भातकापणीनंतरचे किडे गेलेले. कार्तिकात एकदा घाई केली होती. आमच्या काकूच्या डाव्या गालावर एक बारीक हिरवा तुडतुडा अजून तसाच चिकटलेला आहे, आणि येणारा प्रत्येक माणूस तो तीळ समजून विचारतो, हा कधी आला.